पाणी शून्य दाखवतंय, म्हणून सीटी मशीन बरोबर आहे का?

एका रेडिओलॉजिस्ट मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे 2019 साली बसवलेलं ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी बघणारं) सीटी आहे. टेक्निशियन रोज सकाळी पाण्याचा फँटम (मशीन तपासायचा नमुना) लावतो, आकडा शून्याच्या आसपास येतो. सर्व्हिस इंजिनिअर येऊन 'ओके' लिहून जातो. तरी एका रुग्णाच्या अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) गाठीचा आकडा 2022 मध्ये 7 आला आणि 2024 मध्ये 13. गाठीचा आकार तेवढाच. मग या मशीनच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं विसंबायचं की नाही? आणि आता फोटॉन काउंटिंग (क्ष-किरणांचा एकेक कण मोजणारं) मशीन घ्यायचं चाललंय, त्यानं हे दुखणं मिटेल का?"

मॅडम, मी वीसेक वर्षं मेडिकल फिजिसिस्ट म्हणून सीटीच्या क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचं काम करतोय. सरळ सांगतो. तुमचं मशीन बिघडलेलं असेल असं मला वाटत नाही. पण 'पाणी शून्य' या एका पुराव्यावर ते ठीक आहे असंही मी म्हणणार नाही. हा पुरावा सगळ्यांत सोपा आहे, म्हणून सगळीकडे तोच दाखवला जातो. त्यातून कळतं मात्र फार थोडं.

सीटीचा आकडा ज्यात मोजतात ते हाउन्सफील्ड एकक बनतं कसं ते आठवा. एखाद्या पदार्थानं क्ष-किरण किती शोषले त्याची पाण्याशी तुलना करायची, फरकाला पाण्याच्या शोषणानं भागायचं आणि हजारानं गुणायचं. त्यामुळे पाणी 0 आणि हवा उणे 1000 हे व्याख्येतच आलं. मशीन कॅलिब्रेट करताना हवेची आणि पाण्याची मापं घेऊन पट्टी याच दोन ठिकाणी बसवली जाते. किरणांचा पोत (कमी-जास्त ऊर्जेच्या किरणांचं मिश्रण) बदलला, क्ष-किरण तयार करणारी ट्यूब म्हातारी झाली, तरी पुढच्या कॅलिब्रेशनला पाणी परत शून्यावर येणारच, कारण ते तिथं आणूनच ठेवलेलं असतं. वाण्याच्या तराजूची पारडी रिकामी असताना समान आहेत म्हणून त्याचं किलोचं माप खरं किलोचं ठरत नाही. पासंग लावून पारडी कुणालाही समान करता येतात. वैधमापनवाले माप वेगळं तपासतात ते उगाच नाही.

सीटीत 'माप' म्हणजे पाणी आणि हवा सोडून बाकीचे पदार्थ: हाड, कॅल्शियम, आयोडीन, चरबी. तुमचे निर्णय यांच्याच आकड्यांवर होतात. आणि दर वर्षी हळूहळू सरकतात तेही हेच.

सरकतात का, तर मुख्य कारण ट्यूब. आत टंगस्टन-ऱ्हेनियमची फिरती चकती असते. तिच्या एका अरुंद पट्ट्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, पट्टा प्रचंड तापतो आणि थंड होतो, पुन्हा तापतो. हजारो स्कॅननंतर तो खडबडीत होतो, बारीक भेगा पडतात. भेगेच्या आत तयार झालेले कमी ऊर्जेचे किरण बाहेर पडायच्या आधी टंगस्टनमध्येच शोषले जातात. शिवाय चकतीवरचा थोडा धातू वाफ होऊन ट्यूबच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो आणि फुकटचा फिल्टर तयार होतो. परिणाम दोन: किरणांची मात्रा घटते आणि जे किरण बाहेर येतात ते सरासरीनं जरा जास्त ऊर्जेचे, म्हणजे आमच्या भाषेत 'हार्ड', होतात. पॅनेलवर 120 केव्ही (ट्यूबला दिलेला विद्युतदाब) तसेच असतात. पण दिसणाऱ्या 120 मागचा पोत पाच वर्षांपूर्वीचा राहत नाही.

पोत हार्ड झाला की कॅल्शियम आणि आयोडीनचे आकडे खाली येतात, पॉलिथिलीन किंवा चरबी थोडी वर, शून्याकडे सरकते. पाणी जागचं हलत नाही. एका रुग्णालयात मी एकाच फँटमची नोंद सलग ठेवली होती. ट्यूबचं आयुष्य संपत आलं तेव्हा टेफ्लॉनचा आकडा, जो साधारण 950 ते 1000 च्या दरम्यान असतो, सुरुवातीपेक्षा दहा-बारा एककं खाली गेला होता. पाणी पूर्ण काळात एका एककाच्या आत. रोजच्या वहीत मात्र सगळीकडे हिरवी खूण.

दहा-बारा एककांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. हजाराच्या आकड्यावर काहीच नाही. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या कॅल्शियम स्कोअरचं उदाहरण घ्या. 1990 मध्ये ठरलेल्या अगाट्स्टन पद्धतीत 130 च्या वरचं कॅल्शियम धरतात, आणि ठिपक्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून त्याला वजन देतात: 130 ते 199 ला 1, 200 ते 299 ला 2, 300 ते 399 ला 3, 400 आणि वर 4. आता 10 चौरस मिलिमीटरचा एक ठिपका आहे आणि त्याचा शिखर आकडा 198. स्कोअर 10. तोच ठिपका दुसऱ्या दिवशी 202 दाखवला तर स्कोअर 20. चार एककांनी दुप्पट! ही पद्धत 120-130 केव्हीच्या जगात जन्मली. नवीन मशीन रुग्णाची शरीरयष्टी बघून आपणहून 100 केव्ही निवडतं तेव्हा कॅल्शियम आणखी चमकतं, आणि उंबरठा मात्र 130 च राहतो. कॅल्शियम स्कोअरच्या प्रोटोकॉलमध्ये आपोआप केव्ही निवडणारी सोय बंद आहे ना, हे आज संध्याकाळीच एकदा बघून घ्या. माझ्या अनुभवात 'मशीन बदललं' अशा तक्रारींपैकी निम्म्या तरी प्रोटोकॉलमध्ये कुणीतरी काहीतरी बदलल्यामुळे असतात.

हळू सरकणं एक, आणि उडी मारणं दुसरं. ट्यूब बदलली की आकडे उडी मारतात. सॉफ्टवेअर अपग्रेड झालं की उडी मारतात, आणि ही उडी जास्त फसवी, कारण अपग्रेडला कुणी 'दुरुस्ती' म्हणत नाही. मापांवरून चित्र बनवायच्या (रिकन्स्ट्रक्शनच्या) जुन्या फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन पद्धतीवरून इटरेटिव्ह किंवा डीप लर्निंगच्या रिकन्स्ट्रक्शनवर गेलात की नॉइजचा (चित्रातल्या खरखरीचा) आकडा झकास कमी होतो, सगळे खूश. पण नॉइजची वीणच बदललेली असते, आणि कमी उठावाच्या बारीक गोष्टी जास्त गुळगुळीत होऊ शकतात. फक्त स्टँडर्ड डेव्हिएशन मोजून हे पकडता येत नाही. म्हणून 2019 मध्ये आलेल्या एएपीएमच्या (अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या) टीजी-233 अहवालानं नॉइजचा स्पेक्ट्रम आणि पदार्थानुसार रेझोल्यूशन मोजायला सांगितलं. छोट्या रुग्णालयानं ते सगळं करावं असा माझा आग्रह नाही. अपग्रेडच्या आदल्या दिवशी फँटम स्कॅन करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. कच्चा डेटा मशीनवर फार दिवस राहत नाही, नवीन स्कॅन आले की पुसला जातो, तेव्हा फँटमचा कच्चा डेटा इंजिनिअरकडून आधीच वेगळा साठवून घ्या. तोच डेटा जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरनं रिकन्स्ट्रक्ट झाला तर फरक कुणाचा हे निर्विवाद कळतं.

आता तुमच्या ड्युअल एनर्जीकडे. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, पण प्रकारानुसार दुखणी वेगळी असतात. दोन ट्यूबचं मशीन असेल तर दोन ट्यूब वेगवेगळ्या वेगानं झिजतात. त्यात एक ट्यूब गेली आणि फक्त तीच बदलली, की एक तरुण आणि एक म्हातारी अशी जोडी तयार होते. आयोडीनचं प्रमाण दोन्ही ट्यूबच्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून काढलं जातं, त्यामुळे एकीच्या किरणांचा पोत बदलला की उत्तर हलतं. एकच ट्यूब वेगानं 80 आणि 140 केव्हीमध्ये बदलणारं मशीन असेल तर जनरेटर किती स्वच्छ वर-खाली जातो यावर सगळं अवलंबून. कमी केव्हीकडे येताना लागणारा वेळ बदलला तर दोन ऊर्जांमधलं अंतर कमी होतं. दोन थरांच्या डिटेक्टरचं (किरण टिपणाऱ्या भागाचं) मशीन असेल तर ट्यूबची काळजी त्या मानानं कमी आणि डिटेक्टरच्या थरांची जास्त. यातला कुठला प्रकार 'सर्वांत टिकाऊ' असं विचारलंत तर मी उत्तर देणार नाही. नीट सांभाळलेला कुठलाही चालतो.

साध्या 120 केव्हीवर रक्तात 1 मिलिलिटरमागे 1 मिलिग्रॅम आयोडीन असेल तर आकडा साधारण 25 एककांनी वाढतो. 40 केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) आभासी एकवर्णी, म्हणजे एकाच ऊर्जेचे किरण वापरल्यासारख्या बनवलेल्या चित्रात तोच फरक कित्येक पटींनी मोठा होतो. म्हणून डॉक्टरांना ती चित्रं आवडतात. पण उठाव वाढतो तशी चूकही वाढते. जुन्या ट्यूबमुळे झालेला सरक 70 केईव्हीवर नजरेत भरत नाही आणि 40 वर भरतो. तपासणी करायची तर मी म्हणेन 40 आणि 70 दोन्हीवर करा.

प्रत्यक्षात करायचं काय? महागडी साधनं लागत नाहीत, शिस्त लागते. एक फँटम ठरवा, शक्यतो अ‍ॅक्रिलिक, पॉलिथिलीन, टेफ्लॉन किंवा हाडासारखा पदार्थ आणि आयोडीनच्या दोन नळ्या असलेला. तो कायम एकाच टेबल-उंचीवर, गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यावर ठेवा. तीन-चार सेंटिमीटर खाली-वर झाला तरी बो-टाय फिल्टरमुळे (कडेचे किरण कमी करणाऱ्या, ट्यूबपुढच्या फिल्टरमुळे) आकडे बदलतात, आणि मग तुम्ही मशीन मोजताय की टेक्निशियनचा हात, हे कळत नाही. प्रोटोकॉल एकच, कर्नल (चित्र किती धारदार किंवा गुळगुळीत ते ठरवणारी सेटिंग) एकच, स्लाइसची जाडी एकच. आठवड्यातून एकदा, वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन झाल्यावर, पहिला रुग्ण घ्यायच्या आधी.

पाण्याच्या फँटमबाबत एक बारकावा आवर्जून सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. 20 अंशांना पाण्याची घनता 998.2 असते, 30 अंशांना 995.7, किलो प्रति घनमीटर. फरक पाव टक्का, म्हणजे अडीच एककं. एप्रिलमध्ये विदर्भात बाहेरच्या खोलीत पडलेला फँटम उचलून तसाच एसीच्या खोलीत स्कॅन केलात तर पाणी उणे 3 दाखवेल आणि इंजिनिअरला उगाच फोन जाईल. फँटम स्कॅनरच्याच खोलीत, कपाटात ठेवा. पाण्यात शेवाळ धरतं, हवेचा बुडबुडा शिरतो, तेही बघत जा. कोकणात तर मी फँटमच्या झाकणाचं रबर दर पावसाळ्याच्या आधी बदलायला लावतो.

सुरुवातीची वीस-पंचवीस मोजमापं घेऊन प्रत्येक पदार्थाची सरासरी आणि चढ-उतार काढा. मग आलेख काढत जा. कारखान्यातला कंट्रोल चार्ट असतो ना, 1924 मध्ये वॉल्टर शूहार्टनं सुचवलेला, तोच. सरासरीपासून तीन सिग्मा (नेहमीच्या चढ-उताराच्या तिप्पट) बाहेर गेलं तर थांबा. पण मला त्याहून जास्त उपयोगी पडलेला नियम दुसरा: सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी सरकतंय, प्रत्येक बिंदू मर्यादेत असला तरीही. रोजचं 'पास-फेल' बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. सहनमर्यादा रुंद असतात. अमेरिकेच्या एसीआर (रेडिओलॉजिस्टांची संस्था) फँटमची मर्यादाच बघा: अ‍ॅक्रिलिक 110 ते 135 च्या आत आलं की पास. वर्षभरात 132 वरून 114 वर घसरलेलं मशीनही बारा महिने पास होत राहील. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं दर दोन वर्षांनी आणि मोठ्या दुरुस्तीनंतर क्वालिटी अ‍ॅश्युरन्स करावंच लागतं. ते सुरक्षेसाठी आवश्यक आहे, करायलाच हवं. पण दोन वर्षांत दोन बिंदू मिळतात, आणि दोन बिंदूंतून कल कळत नाही.

आलेखावर ट्यूब बदलली, अपग्रेड झालं, एसी बंद पडला, यूपीएस बदलला अशा प्रत्येक तारखेला उभी रेघ मारा. ट्यूब बदलल्यावर नवी सरासरी धरा, जुना आलेख खोडू नका. पाच वर्षांनी तुमच्या हातात जो कागद असेल, तो कुठल्याही कंपनीच्या ब्रोशरपेक्षा तुमच्या मशीनबद्दल जास्त सांगेल.

फँटम नसेल तर? एक फुकटचा उपाय आहे. दर महिन्याला साध्या, कॉन्ट्रास्ट न दिलेल्या 120 केव्हीच्या पोटाच्या शंभरेक स्कॅनमध्ये प्लीहेचा आणि पोटाच्या कातडीखालच्या चरबीचा आकडा घ्या, मध्यक काढा. प्लीहा साधारण पन्नाशीच्या आसपास, चरबी उणे 100 च्या आसपास. एका रुग्णाचा आकडा काहीही असो, शंभरांचा मध्यक बऱ्यापैकी जागेवर राहतो. महाधमनीतलं रक्त मात्र यासाठी वापरू नका. रक्ताचा आकडा हिमोग्लोबिनवर चालतो, आणि एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) नुसार देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिला अ‍ॅनिमिक आहेत. ओपीडीत त्या महिन्यात कोण आलं यावरच तुमचा मध्यक हलेल.

तुमच्या त्या रुग्णाकडे येतो. 7 आणि 13. बारीक गाठीत आरओआय (ज्याची सरासरी घ्यायची तो गोल) काढला, त्यात पन्नासेक पिक्सेल आले, नॉइज 15 च्या आसपास. नुसत्या गणितानं सरासरीतली अनिश्चितता 2 च्या वर जाते. शेजारचे पिक्सेल एकमेकांशी बांधलेले असतात म्हणून प्रत्यक्षात 3 धरा. दोन स्कॅनच्या फरकातली अनिश्चितता मग 4 च्या पुढे. तुमचा फरक 6. निव्वळ नशिबानंही एवढा फरक अधूनमधून येतो, त्यासाठी ट्यूबला दोष द्यायची गरज नाही. त्यातून हा आकडा पाण्याच्या जवळचा आहे, म्हणजे पट्टीच्या अशा भागातला, जिथं ट्यूबच्या म्हातारपणाचा परिणाम सर्वांत कमी. मी आधी हे बघेन: दोन्ही वेळी केव्ही एकच होते का, स्लाइसची जाडी आणि कर्नल एकच का, हात डोक्याच्या वर घेतले होते की पोटावर. पोटाशेजारी हात राहिले तर मधल्या पट्ट्यात रेषा येतात आणि अ‍ॅड्रिनलची जागा नेमकी तिथं. मग त्याच दोन स्कॅनमध्ये प्लीहा आणि चरबी मोजा. तीही त्याच दिशेनं सरकली असतील तर मशीन किंवा प्रोटोकॉल. ती जागच्या जागी असतील तर आरओआय पुन्हा काढा, शक्य तितका मोठा आणि दोन्ही वेळी एकाच पातळीवर. कॉन्ट्रास्टशिवायच्या स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनल गाठ निरुपद्रवी धरायची मर्यादा असलेला 10 हा आकडा काही रेल्वेचं फाटक नाही की 9 ला उघडं आणि 11 ला बंद. पुढचा क्लिनिकल निर्णय अर्थात तुमचा.

राहिला फोटॉन काउंटिंगचा प्रश्न. पहिल्या मशीनला, सीमेन्सच्या निओटॉम अल्फाला, अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी सप्टेंबर 2021 मध्ये मिळाली. म्हणजे दहा वर्षांचा आलेख जगात कुणाकडेच नाही, आणि कुणी दाखवत असेल तर हसून विषय बदला. तंत्र म्हणून ते खरोखर चांगलं आहे. कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर प्रत्येक फोटॉन वेगळा मोजतो, त्याची ऊर्जा बघतो. खालचा उंबरठा इलेक्ट्रॉनिक नॉइजच्या वर ठेवला की तो नॉइज मोजणीत शिरतच नाही. जाड्या रुग्णाला आणि कमी डोसला हा फायदा ठळक दिसतो.

पण ट्यूब तिथंही तीच, आणि तशीच म्हातारी होणार. शिवाय नवी दुखणी: फोटॉन फार दाटीनं आले तर दोन मिळून एक मोजला जातो, एकाचा भार शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, स्फटिकात भार अडकून राहिला की आतलं विद्युतक्षेत्र बिघडतं आणि तेवढ्यापुरता पिक्सेलचा प्रतिसाद बदलतो. ऊर्जेचे उंबरठे म्हणजे शेवटी विद्युतदाबाच्या पातळ्या. तापमान बदललं की त्या हलू शकतात. कंपनी हे सगळं कॅलिब्रेशननं सांभाळते, आणि बहुतेक वेळा छान सांभाळते. पण म्हणजे तुमच्या आकड्यांचा भरवसा आता आणखी मोठ्या प्रमाणात अशा कॅलिब्रेशनवर उभा राहतो, ज्यात तुम्हाला डोकावता येत नाही. गावातल्या सबस्टेशनवर रोज दोनदा व्होल्टेज डुलत असेल तर यूपीएस आणि चिलर यांना मशीनइतकंच महत्त्व द्या.

म्हणून मशीन कुठलंही घ्या, टेंडरमध्ये चार ओळी आत्ताच घाला. कॅल्शियम आणि आयोडीनच्या नळ्या असलेला फँटम मशीनच्या किमतीतच हवा. ट्यूब किंवा डिटेक्टरचं मॉड्यूल बदलण्याआधी आणि नंतर पाण्याव्यतिरिक्त किमान तीन पदार्थांचे आकडे लेखी हवेत. अपग्रेडनंतरही जुना कर्नल निदान वर्षभर उपलब्ध हवा. आणि कॅलिब्रेशनच्या लॉगची प्रत रुग्णालयाला मिळायला हवी. पहिल्या तीन ओळींवर विक्रेते फारशी खळखळ करत नाहीत. चौथीवर करतात, 'सर्व्हिस मोडमध्ये आहे, देता येत नाही' म्हणतात. तिथं ऑर्डरवर सही व्हायच्या आधीच अडून बसा, कारण सही झाल्यावर तो लॉग मागायला गेलात तर उत्तर सीएमसीच्या (देखभाल कराराच्या) दरपत्रकात मिळतं.